डिझेल गाडी सकाळी रुसते की चढाला दमते?

एपिसोड ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी हा लेखी मजकूर. आजचा विषय ग्लो प्लग आणि ईजीआर व्हॉल्व्ह. गॅरेजमध्ये आपण नुसतं 'गाडी नीट चालत नाही' म्हणतो, आणि तिथंच बिल वाढतं. म्हणून लक्षणं आधी ओळखूया.

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. हवा दाबली की ती तापते आणि त्यात डिझेल पेटतं. थंड इंजिनात ही उष्णता कमी पडते, म्हणून सिलिंडरमध्ये छोटा हीटर असतो, तोच ग्लो प्लग. चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवर स्प्रिंगसारखं पिवळं चिन्ह येतं ना? ते विझेपर्यंत थांबायचं. कोल्हापुरात थंडी बेताची, त्यामुळं एखादा प्लग जळला तरी कळत नाही. डिसेंबरात गगनबावड्याला मुक्काम केला की कळतं: स्टार्टर फिरत राहतो, पांढरा धूर येतो, इंजिन तापलं की सगळं ठीक. तापल्यावरही पांढरा धूर राहिला तर कूलंट तपासा. प्लग थेट बॅटरीला लावून बघू नका, काही नवे प्लग १२ व्होल्टपेक्षा कमीवर चालतात. मल्टिमीटरनं तपासा.

आता ईजीआर. हा व्हॉल्व्ह जळालेला थोडा धूर परत इंजिनात सोडतो. त्यामुळं आतलं तापमान उतरतं आणि नायट्रोजन ऑक्साइड कमी तयार होतात. पण काजळी आणि तेलाची वाफ मिळून त्यावर डांबरासारखा थर बसतो. रोज राजारामपुरी ते महाद्वार रोड एवढीच फिरणारी गाडी पुरती तापत नाही, तिथं हा थर लवकर साठतो. व्हॉल्व्ह उघडा अडकला की काळा धूर, उभ्या गाडीत थरथर आणि पन्हाळ्याच्या चढाला पिकअप गायब. उपाय म्हणजे काढून साफ करणं, नवं गॅस्केट बसवणं.

'त्यापेक्षा ब्लॉकच करून टाकूया' असा सल्ला मिळेल. पीयूसीही पास होईल, कारण डिझेलच्या पीयूसीत धुराचा दाटपणा मोजतात, नायट्रोजन ऑक्साइड नाही. हा वायू बहुतेक वेळा दिसत नाही, पण फुप्फुसाला त्रास देतो. २०१५ मध्ये पुण्याच्या एआरएआयनं फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्या रस्त्यावर तपासल्या, तेव्हा तो मर्यादेच्या १.१ ते २.६ पट निघाला. कंपनीनं भारतात सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. घरची गाडी ब्लॉक करून आपण तेच करतो. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीत तर हे ईसीयूच पकडतो आणि चेक इंजिनचा दिवा लागतो.

तेव्हा उद्यमनगरात गाडी नेली की आधी स्कॅनर लावायला सांगा. पी०३८० म्हणजे ग्लो प्लगचं सर्किट, पी०४०१ म्हणजे ईजीआरचा प्रवाह कमी. नुसता कोड पुसून घेऊ नका राव! आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, ते लॉग डिलीट करून बग तसाच ठेवणं झालं.