यंत्रावरील मजुरास इजा व नुकसानभरपाई
मळणीयंत्रांत पेंढी लोटतांना मजुराचा हात सांपडला, तर औषधपाण्याचा खर्च दिला म्हणजे आपलें कर्तव्य संपलें, असें पुष्कळ शेतकरी बंधूंस वाटतें. ही समजूत चुकीची आहे. १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्यांत ट्रॅक्टर व इतर यंत्रांनीं होणाऱ्या शेतकामाचा समावेश होता. ती तरतूद २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलांत आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेंतहि आहे. भरपाईसाठीं मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाहीं. मृत्यु झाल्यास मासिक वेतनाचा निम्मा व कायमचें पूर्ण अपंगत्व आल्यास शेंकडा ६० भाग घेऊन, वयानुसार ठरलेल्या अंकानें गुणून रक्कम काढतात. मृत्यूची भरपाई वारसांस परस्पर न देतां सक्षम अधिकाऱ्याकडे भरावी लागते. घरगुती तडजोडीनें जबाबदारी सुटत नाहीं. यास्तव हंगामापूर्वींच मजुरांचा विमा उतरावा व यंत्राच्या पट्ट्यावर जाळी बसवावी.