कड दाखवा, शेठ

सकाळचे अकरा वाजलेत आणि भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये एक टेम्पो मागे येतोय, दुसरा पुढे जाऊ पाहतोय. मधे आमची रिक्षा. पाऊस नुकता उघडलाय. सॉ मिलमधून ओल्या भुशाचा वास येतोय. दोन हमाल प्लायवूडची एक शीट डोक्यावर आडवी धरून, चिखल चुकवत, ‘बाजू, बाजू’ करत निघालेत. वहिनी पर्स छातीशी धरून त्यांच्या मागोमाग दुकानात शिरते. नव्या फ्लॅटचा स्वयंपाकघराचा ओटा आणि दोन कपाटं करायचीत. मिस्त्रीकाका आधीच येऊन बसलेत, चहा संपवतायत.

शेठ हमालाला खूण करतात. एक शीट थप्पीतून बाहेर येते: लालसर, गुळगुळीत, तेलाचा हात फिरवल्यासारखी. वहिनी तिच्यावरून तळवा फिरवते आणि तिचं मत तिथल्या तिथे झालेलं दिसतं.

“वॉटरप्रूफ आहे ताई. गर्जन फेस,” शेठ म्हणतात.

काका फेसकडे बघतही नाहीत. “कड दाखवा, शेठ.”

कडेला कारखान्यानेच हिरवा रंग फासलाय. कडेतून ओल शिरू नये म्हणून रंग लावतात, हे खरं. पण त्या रंगाखाली पोकळ्याही छान झाकल्या जातात. काका पिशवीतून पटाशी काढतात आणि शेठच्या चेहऱ्याकडे न बघता वीतभर कड खरवडतात. आतले थर उघडे पडतात, एक उभा, एक आडवा. ते नखाने मोजतात: अकरा. थर नेहमी विषमच असतात, म्हणजे मधल्या थराच्या दोन्ही अंगांना ताण सारखा राहतो आणि शीट एका बाजूला ओढली जात नाही. इथे सातव्या थरात करंगळीचं टोक जाईल एवढी फट आहे. तिच्यापासून हातभर अंतरावर दोन तुकडे एकमेकांवर चढलेत.

“इथं बिजागरीचा स्क्रू आला की संपलं,” काका म्हणतात. “दोन वर्षांनी दार खाली.”

मग ते शीट जमिनीवर पाडायला लावतात आणि बोटाच्या पेराने ठोकत कोपऱ्याकडून मध्यावर येतात. टक, टक, टक, मग एक ढब. मला फरक पहिल्यांदा कळत नाही. ते पुन्हा ठोकतात, तेव्हा कळतो.

लाल रंगाचं काय, असं मी विचारतो. काका हसतात. फेसचा तो पापुद्रा अर्धा मिलिमीटरही नसतो, आणि हल्ली तो रंगवूनही मिळतो. गिऱ्हाइकाला लाल म्हणजे मजबूत वाटतं, म्हणून बाजारात लाल. तसंही वरून सनमायका बसणार आहे. म्हणजे वहिनीने ज्या पृष्ठभागावर हात फिरवून पसंती दिली, तो तिला पुन्हा कधी दिसणारच नाही. मला हा सगळा व्यवहारच गंमतीचा वाटतो.

दुसरी थप्पी. आता शिक्का वाचायचा. आयएसआयच्या चिन्हावर आयएस ३०३ असा आकडा आहे आणि खाली परवान्याचा क्रमांक. वहिनीला ३०३ पुरेसं वाटतं. पण ३०३मध्येच दोन प्रकार येतात, एमआर आणि बीडब्ल्यूआर. एमआर दमट हवा सोसतं, पाणी नाही. त्यातला गोंद युरियाचा. बीडब्ल्यूआरचा गोंद फिनॉलचा, तो उकळत्या पाण्याची चाचणी पार करतो. त्याच्याही वर ७१०, मरीन: त्याचा तुकडा सलग ७२ तास उकळला तरी थर सुटता कामा नयेत. शेठच्या टेबलावर काचेच्या बरणीत प्लायचा एक तुकडा पाण्यात बुडवून ठेवलाय, दिसायला अगदी टवटवीत. काका बरणीकडे बोट करतात, “थंड पाण्यात काय, मीपण राहीन. उकळा.” शेठसुद्धा हसतात. काकांचा हाताखालचा पोरगा तोवर मोबाइलमध्ये बीआयएस केअर अ‍ॅप उघडून परवान्याचा क्रमांक टाकतोय. क्रमांक खरा निघतो, चालूही आहे. बाजारात शिक्के मारायला फक्त रबर लागतं, त्यामुळे ही दोन मिनिटं घालवावीत.

“सगळंच मरीन घेऊ या का?” वहिनी विचारते. घर एकदाच होतं, हा तिचा मुद्दा.

काका बोटांवर मोजत सांगतात. सिंकखालचा डबा आणि ओट्याखालच्या ट्रॉल्या मरीनमध्ये. बाथरूमच्या भिंतीला टेकणाऱ्या कपाटाची पाठ बीडब्ल्यूआर. बाकी कपाटाच्या सांगाड्याला चांगलं एमआर भरपूर झालं, तिथे कोण बादली ओतणार आहे? आणि सात फुटी दारांना प्लाय नकोच, ब्लॉकबोर्ड घ्या. त्यात मधे लाकडाच्या पट्ट्या असतात. वजनाला हलका आणि एवढ्या उंचीला प्लायपेक्षा सरळ राहतो. सिंकखाली स्वस्तातलं लावलेल्या एका घरचं ते सांगतात: तळाची फळी खारीसारखी सुटत गेली, पापुद्रे हाताने निघायचे.

मला वाटतं, दुकानातल्या तासाभरात सर्वांत जास्त पैसे या एका मिनिटाने वाचवले.

शेठना आता दम निघत नाही. “पूर्वीचा माल वेगळाच,” ते सुरू करतात. त्यांचे वडील कच्छहून इथे आले, तेव्हा प्लाय आसामचं, मार्गेरिटा-लेडोकडचं, होलॉंगचं. १९९६च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ईशान्येतल्या वृक्षतोडीला लगाम घातला आणि तिथल्या गिरण्यांना टाळी लागली. धंदा हरियाणात यमुनानगरला जमा झाला, शेतातल्या पॉप्लर आणि सफेद्यावर, म्हणजे निलगिरीवर. पॉप्लर गव्हाच्या बांधावर लावतात, पाच-सात वर्षांत तोडतात. २०१४मध्ये म्यानमारने गोल लाकूड बाहेर पाठवणं बंद केलं, तेव्हा तिथून येणारं गर्जनचं लाकूडही महागलं. शेठच्या बोलण्यात हळहळ आहे. मला मात्र जंगलाऐवजी शेतातलं झाड कापलं जातंय, यात रडण्यासारखं काही दिसत नाही. पॉप्लर मऊ असतो, एवढं खरं. काका दोन शीटचे कोपरे उचलून दाखवतात: निव्वळ पॉप्लरची सहज वर येते, हार्डवूडची मनगटाला जाणवते.

व्हर्नियर मागवला जातो. अठरा मिलिमीटर म्हणून दिलेली शीट एका कोपऱ्यात सतरा भरते, दुसऱ्यात साडेसतरा. “ट्रॉलीचं चॅनल बसवताना मी काय करू?” काका ती बाजूला ठेवतात. तिसऱ्या थप्पीतली चारही कोपऱ्यांत एकसारखी. एक डोळा मिटून ते कडेवरून नजर टाकतात, दोन्ही कर्ण टेपने मोजतात. तेरा थर, फट नाही. ही घ्यायची.

मग कागद-पेन्सिल. आठ बाय चार, म्हणजे एका शीटचे ३२ चौरस फूट, आणि भाव फुटावर. चार फुटांतून दोन-दोन फुटांच्या दोन बाजू निघतील असं वहिनीला वाटतं. “कटरचं पान सूतभर खातं ताई,” काका म्हणतात आणि कपाटाची खोली साडेतेवीस इंच लिहितात. पुस्तकांच्या फळीवर ते बाण काढतात: वरच्या थराचे रेषे फळीच्या लांबीत धावले पाहिजेत. कापताना शीट वाचवायला फळी आडवी काढली, की ती मधे पोट काढते.

बिल होताना पोरगा प्रत्येक शीटवरचा क्यूआर कोड स्कॅन करतोय. वहिनी बघते.

“यात तुमचं काय, काका?”

“पॉइंट,” काका न लाजता सांगतात. “कंपनी देते. पुरेसे झाले की ड्रिल मशिन मिळेल.”

“आणि शेठ?”

“ते वेगळं देतात.” शेठ कॅल्क्युलेटरमधून डोकं वर काढत नाहीत.

वहिनी क्षणभर गप्प राहते, मग भाव फुटामागे दोन रुपयांनी खाली मागते. एक रुपया सुटतो. मरीनपुढे बिलावर ७१० हा आकडा आणि जाडी लिहून घ्यायला काका लावतात. नुसतं ‘प्लाय’ असं लिहिलेलं बिल पुढे तक्रारीला उपयोगाचं नाही.

टेम्पोवाला शीट भिंतीला टेकवाव्यात तशा उभ्या रचायला लागतो.

“आडव्या,” काका दुकानातूनच ओरडतात. “खाली तीन पट्ट्या घाल. आणि ताडपत्री आधी टाक, बांधायचं नंतर बघ.”