पाऱ्याला भाव नाही

गेल्या वर्षी आमच्या सोसायटीचे जिने आणि पार्किंग एलईडीवर आणले. काढलेल्या ट्यूब वायरमनने मीटरच्या खोलीत उभ्या करून ठेवल्या. भंगारवाल्याने पत्र्याच्या पट्ट्या घेतल्या, चोक तर आनंदाने घेतले, कारण चोकमध्ये तांब्याची तार असते. ट्यूबला त्याने हातही लावला नाही. "काचेला भाव नाही ताई, घंटागाडीत द्या." घंटागाडीत काय होतं, हे मी सेक्रेटरी म्हणून सकाळी फाटकाशी उभी राहून बघते. लांब ट्यूब गाडीत मावत नाही, म्हणून आधी फोडतात, आणि फोडणाऱ्या बाईच्या तोंडाला साधा रुमालही नसतो.

ट्यूब काय किंवा सीएफएल काय, आत काही मिलिग्रॅम पारा असतो. विजेने पाऱ्याची वाफ चेतवली की तिच्यातून अतिनील किरण निघतात आणि काचेच्या आतला पांढरा लेप त्यांचा उजेड करतो. काच फुटली की तीच वाफ हवेत येते. घरात एखादी ट्यूब फुटली तर खिडक्या उघडाव्यात, थोडा वेळ खोलीबाहेर थांबावं, तुकडे केरसुणीने न लोटता जाड पुठ्ठ्याने उचलावेत. तेवढ्याने भागतं. पण रोज ट्यूब फोडणाऱ्या माणसाचं काय? शिवाय कचऱ्यातून पाण्यात गेलेल्या पाऱ्याचं सूक्ष्मजीव मिथाइलमर्क्युरी करतात आणि ते मासळीत साठत जातं. जपानमधल्या मिनामाटात कारखान्याच्या सांडपाण्यातलं हेच विष मासळीतून लोकांच्या पोटात गेलं. १९५६ साली तो आजार उघडकीला आला. पाऱ्यावरच्या आंतरराष्ट्रीय कराराला त्याच गावाचं नाव आहे, आणि २०१८ साली भारताने तो स्वीकारला.

आपल्याकडे कायदा नाही असं मुळीच नाही. २०१६ च्या ई-कचरा नियमांत पाऱ्याचे दिवे आले आणि ते परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर पडली. त्याच वर्षीच्या घनकचरा नियमांनी सीएफएल, ट्यूब आणि फुटलेले पाऱ्याचे थर्मामीटर यांना नाव घेऊन 'घरगुती घातक कचरा' ठरवलं. तो स्वीकारायला शहरात दर वीस चौरस किलोमीटरला एक केंद्र हवं आणि त्याच्या वेळा जाहीर हव्यात, इतकं स्पष्ट लिहिलं. मी त्या नियमाची प्रत घेऊन वॉर्ड ऑफिसात गेले. तिथल्या गृहस्थांनी ती शांतपणे वाचली, परत दिली आणि म्हणाले, "मॅडम, घंटागाडीतच टाका."

मला त्यांचा राग आला नाही. नियमाने केंद्र सांगितलं, पण ट्यूब तिथवर नेणाऱ्याच्या हातात काहीच ठेवलं नाही. अमेरिकेत हीच अडचण थर्मोस्टॅटची होती. थंडीत घर गरम ठेवणारी यंत्रणा चालू-बंद करणारी ही भिंतीवरची डबी. जुन्या डब्यांत काचेची कुपी असे. ती कलली की आतला पारा सरकून तारा जोडी किंवा तोडी. एकेका डबीत तीन-चार ग्रॅम पारा, म्हणजे कित्येक ट्यूबचा एकत्र. उत्पादकांनी १९९८ पासून आपण होऊन गोळा करायला सुरुवात केली, पण हाती फार थोड्या लागल्या. मग २००६ साली मेन या राज्याने कायदा केला: जुना थर्मोस्टॅट आणून देणाऱ्याला कंपन्यांनी किमान पाच डॉलर द्यायचे. जवळच्याच व्हर्माँट राज्यानेही पैसे देण्याची वाट धरली, आणि दरडोई हिशेबात ही दोन छोटी राज्यं सगळ्यांच्या पुढे गेली. कॅलिफोर्नियाच्या २००८ च्या कायद्यात उद्दिष्टं होती, पैसे नव्हते. उद्दिष्टं हुकली आणि २०२१ साली तिथेही कायदा बदलावा लागला.

ट्यूबचं उत्पादन आता जगभर थांबत आलं आहे, पण घराघरांत, शाळांत, दवाखान्यांत लावलेल्या ट्यूब पुढची काही वर्षं निघतच राहणार. त्या निघून संपायच्या आत हे व्हायला हवं. जिथे आपण दिवे विकत घेतो त्या इलेक्ट्रिकच्या दुकानातच जुनी ट्यूब घ्यावी, आणणाऱ्याला कंपनीच्या खर्चाने पाच-दहा रुपये द्यावेत, मग आणणारा मी असो, वायरमन असो की भंगारवाला. आणि पैसे फक्त अख्ख्या ट्यूबचे द्यावेत. मग घंटागाडीवरची बाईसुद्धा ती न फोडता बाजूला काढून ठेवील.