राजाराम कॉलेजचा पैलवान आणि कर्जतची पोरं

कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या वार्षिक क्रीडास्पर्धेत कुस्तीसाठी नाव द्यायला गेलेल्या खाशाबा जाधवांना क्रीडाशिक्षकांनी परत पाठवलं होतं. पोरगा अंगानं लहान, उंचीनं बेताचा. समोरच्या धिप्पाड गड्यांपुढे याचा काय टिकाव लागणार, असं त्यांना वाटलं. खाशाबा गप्प घरी गेले नाहीत, थेट प्राचार्यांकडे गेले. प्राचार्यांनी उतरायची परवानगी दिली आणि खाशाबांनी आपल्याहून दांडग्या पैलवानांना लोळवलं.

पुढची गोष्ट मराठी माणसाला पाठ आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला गेला. तोवर त्याची सगळी मेहनत मातीतली. मॅटवरची कुस्ती आणि तिचे नियम त्याला तिथे रीस गार्डनर या अमेरिकन प्रशिक्षकानं शिकवले. फ्लायवेट गटात सहावा क्रमांक आला. चार वर्षांनी हेलसिंकीला जायचं ठरलं तेव्हा पैशाचं कोडं सुटेना. गावानं वर्गणी काढली, आणि प्राचार्य खर्डेकरांनी आपलं राहतं घर सात हजार रुपयांना गहाण टाकलं. हेलसिंकीत कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीचे मल्ल हरवून, जपानच्या इशी आणि सोव्हिएत संघाच्या मामेदबेकोव यांच्याकडून हार पत्करून, खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. स्वागताला १५१ बैलगाड्या निघाल्या. परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्या लढवून पैसे उभे केले आणि प्राचार्यांचं घर सोडवलं.

घर गहाण टाकल्याची हकिगत ऐकताना आजही गळा दाटतो. पण कॉलेजच्या कुस्तीचा विचार करताना मला आधीची ती परवानगी जास्त मोलाची वाटते. तिला एक पैसा लागला नव्हता. खाशाबांना डाव शिकवले होते घरात वडील दादासाहेबांनी आणि तालमीत वस्तादांनी. ढाक हा त्यांचा हुकमी डाव, प्रतिस्पर्ध्याचं डोकं बगलेत जखडून त्याला जमिनीवर फेकायचं; तोही कॉलेजात शिकलेला नव्हता. कॉलेजनं त्यांना आखाडा दिला, नाव दिलं आणि ‘हा आमचा पैलवान’ असं म्हणणारा एक मोठा माणूस दिला. महाराष्ट्रात कॉलेजची कुस्ती जिथे जिथे टिकली, तिथे मेहनत तालमीची आणि पाठबळ कॉलेजचं, असंच दिसतं. पाठबळ गेलं की पोरगं तालमीत तरी राहतं किंवा कॉलेजात तरी. दोन्हीकडे राहत नाही.

रायगड जिल्ह्याच्या आतल्या अंगाला, कर्जत आणि खालापूर तालुक्यांत, हा प्रश्न आज रोजचा आहे. हा कोल्हापूर-सांगलीसारखा कुस्तीचा बालेकिल्ला नव्हे. रायगडचा जीव कबड्डीत. गावोगावी कबड्डीचे संघ आहेत आणि संध्याकाळी मैदानावर दिवे लागतात ते कबड्डीसाठी. तरी कुस्ती इथून कधी गेली नाही. माघापासून वैशाखापर्यंत जत्रांचे दिवस. देवाची पालखी फिरली की दुपारी फड लागतो, ढोल वाजतो. आधी लहान पोरांच्या कुस्त्या, मग जोड चढत जाते आणि शेवटची कुस्ती मानाची. खोपोलीच्या कारखान्यांत घाटावरून नोकरीला आलेल्या माणसांनीही कुस्तीची हौस बरोबर आणली. खोपोलीत आज मुलामुलींना मॅटवर शिकवणारं संकुल आहे. खालापूर तालुका शिक्षण प्रसारक मंडळाचं के.एम.सी. कॉलेज खोपोलीतच, कोकण ज्ञानपीठाचं कॉलेज कर्जतला. दोन्ही गावं एका रुळावर, मध्ये पळसदरी, केळवली, डोलवली आणि लौजी. अंतर पंधराएक किलोमीटर.

इथल्या पैलवानाला सगळ्यात आधी झुंजावं लागतं ते पावसाशी. सह्याद्रीच्या पायथ्याच्या या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तालमीची लाल माती जिवंत ठेवायची तर ती रोज खणावी लागते, चाळावी लागते. तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घालून ती मऊ ठेवावी लागते. घाटावर हे बारा महिने जमतं. इथे जूनपासून हवाच ओली. माती घट्ट बसते, तिला वास सुटतो, अंगाला खाज येते, आणि छपराला एक भोक असलं तर हौद्यात चिखल होतो. कॉलेज जूनला सुरू होतं, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा पावसाळा सरता सरता लागतात. म्हणजे तयारीचे जे महिने, तेच मातीचे वाईट महिने. म्हणून या भागात मॅट आणि तिच्यावर पक्कं छप्पर ही कुस्तीची पहिली गरज ठरते.

दुसरं कारण खुद्द नियमांत आहे. जत्रेतली कुस्ती पाठ लागेपर्यंत चालते. दोघे डोक्याला डोकं लावून उभे राहतात, खडाखडी होते, हात मोजले जातात, दम पाहिला जातो. विद्यापीठाची कुस्ती मॅटवरची आहे: नऊ मीटर व्यासाचं वर्तुळ, तीन तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये तीस सेकंदांची विश्रांती. फ्रीस्टाइलमध्ये दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथेच संपते. पाय वर्तुळाबाहेर गेला की समोरच्याला गुण. कोणी नुसता थोपवून धरतोय असं पंचांना दिसलं की त्याच्यावर तीस सेकंदांचं घड्याळ लागतं, आणि तेवढ्यात कोणाचाच गुण झाला नाही तर गुण प्रतिस्पर्ध्याला जातो. मातीतला पोरगा ताठ उभा राहतो, मानेवर हात टाकतो, वेळ घेतो. मॅटवरचा वाकून, गुडघ्यात उभा असतो आणि पहिल्या वीस सेकंदांत एकेरी पटाला शिरतो. मातीतल्या पोराचा पाय हातात आल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जे गोंधळलेपण येतं, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना मॅटची निकड समजावून सांगावी लागत नाही. बळ दोघांचं सारखं असतं. एकाला सराव मिळालेला असतो, एकाला नसतो.

मुंबई विद्यापीठाचा पसारा सात जिल्ह्यांचा: मुंबई शहर, उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग. स्पर्धा मुंबईला असली तर कर्जत तालुक्यातल्या एखाद्या वाडीवरच्या पोराचा दिवस पहाटेच्या अंधारात सुरू होतो. वाडीपासून स्टेशनपर्यंत कोणाच्या तरी मोटारसायकलवर, मग दोन तास लोकल. पोटात काही नाही, कारण सकाळी वजन आहे. पुरुषांच्या फ्रीस्टाइलमध्ये ५७ किलोपासून १२५ किलोपर्यंत दहा गट असतात आणि आपल्या गटाच्या वर काटा शंभर ग्रॅम जरी सरकला तरी पोरगा बाहेर. विनेश फोगाटचं २०२४ च्या पॅरिसमध्ये काय झालं, ते सगळ्या देशानं पाहिलं. तिच्यासोबत डॉक्टर होते, आहारतज्ज्ञ होते. आमच्या पोरासोबत असतात त्याचे क्रीडाशिक्षक, तेही कॉलेजनं त्यांना त्या दिवशी मोकळं केलं असेल तर. आदल्या दिवशी पाणी तोडून, स्वेटर घालून धावून उतरवलेलं वजन काट्यावर बसलं की तो स्टेशनवरून आणलेली केळी खातो आणि तासा-दोन तासांत लढायला उभा राहतो.

खुराकाचं दुखणं याहून जुनं. भाताची शेती, गोठ्यात दोन म्हशी, घरचं दूध-तूप, हा इथल्या पैलवानाचा पाया होता. गेल्या काही वर्षांत कर्जत-खालापुरात जमिनी फार्महाऊसला आणि रिसॉर्टला गेल्या. पैसे आले, गोठे रिकामे झाले. आता दूध पिशवीतलं आणि बदाम दुकानातले. दोन्ही वेळचा खुराक विकत घेऊन पोरगा पोसणं हे शेतकरी बापाला जड जातं आणि कंत्राटी कामगाराला तर झेपतच नाही. मेसमध्ये दोन अंडी आणि अर्धा लिटर दूध, एवढी साधी सोय एखाद्या संस्थेनं केली तरी पोरगा तीन वर्षं टिकतो.

कॉलेजला यात काय मिळतं, हेही मोकळेपणानं बोललं पाहिजे. कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनात विद्यार्थ्यांनी खेळांत मिळवलेली पदकं मोजली जातात, त्यामुळे पदक प्रत्येक कॉलेजला हवं असतं. ते मिळवण्याची सोपी वाट म्हणजे तालमीत तयार झालेल्या पैलवानाला प्रवेश द्यायचा, स्पर्धेच्या अर्जावर सही-शिक्का मारायचा आणि पदक आलं की फ्लेक्स लावायचा. पोरालाही प्रमाणपत्र हवं असतं, कारण राज्य सरकारच्या नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. दोघांचं काम भागतं, पण कॉलेजात कुस्ती रुजत नाही. तो पैलवान पदवी घेऊन गेला की मागे काहीच उरत नाही. पुढच्या वर्षी जिमखान्यात पुन्हा कॅरम आणि क्रिकेटचं किट.

अमेरिकेत याच्या उलट आहे. तिथली कुस्ती कॉलेजच्याच घरात वाढते. कॉलेजची स्वतःची कुस्तीची खोली असते, स्वतःचा पगारी प्रशिक्षक, स्वतःचे नियमही. खाली दाबून धरलेल्या वेळेचाही तिथे गुण मिळतो, तो जागतिक कुस्तीत नाही. तिथल्या कॉलेजांची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा १९२८ मध्ये सुरू झाली. पुढे मात्र पडझड झाली. १९७२ च्या कायद्यानं स्त्री-पुरुष खेळाडूंना समान संधी देणं बंधनकारक केलं आणि अनेक विद्यापीठांनी फुटबॉलच्या खर्चाला हात न लावता कुस्तीसारखे छोटे खेळ बंद केले. दोष कायद्याला दिला गेला, माझ्या मते तो कारभाऱ्यांचा होता. वरच्या श्रेणीत आता पुरुषांचे संघ ऐंशीच्या आसपास उरलेत.

याच पडझडीत स्टॅनफर्डचं प्रकरण घडलं. जुलै २०२० मध्ये त्या श्रीमंत विद्यापीठानं कुस्तीसह अकरा खेळ बंद करायचं जाहीर केलं. मार्च २०२१ मध्ये त्यांचा शेन ग्रिफिथ राष्ट्रीय स्पर्धेत उतरला तो विद्यापीठाचं नाव नसलेला साधा काळा पोशाख घालून, आणि त्यानं आपल्या गटाचं अजिंक्यपद जिंकलं. माजी विद्यार्थ्यांनी पैसे गोळा केले, दबाव आणला. मे महिन्यात विद्यापीठानं निर्णय मागे घेतला. कुस्ती वाचली, बाकीचे दहा खेळही वाचले.

पडझडीनंतर कुस्ती पुन्हा वाढली, पण ती वाढ मोठ्या विद्यापीठांत फारशी झाली नाही, झाली ती छोट्या गावांतल्या छोट्या कॉलेजांत. विद्यार्थी कमी पडू लागले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की कुस्तीला स्टेडियम लागत नाही. एक हॉल, एक मॅट, एक चांगला प्रशिक्षक एवढं असलं की तीस पोरं फी भरून प्रवेश घेतात. मग मुली आल्या. मिनेसोटाच्या मॉरिस इथल्या कॅम्पसनं १९९३ मध्ये मुलींचा पहिला संघ उभा केला आणि २०२६ पासून कॉलेजच्या मुलींच्या कुस्तीला तिथे स्वतंत्र राष्ट्रीय अजिंक्यपदाचा दर्जा आहे. ज्या समान संधीच्या कायद्याला कुस्तीचा मारेकरी म्हटलं गेलं, त्याच कायद्यामुळे मुलींचे संघ काढणं कॉलेजांना सोयीचं झालं.

आपल्याकडेही पुढची वाढ मुलींकडून येणार, असं मला ठामपणे वाटतं. महाराष्ट्र केसरी १९६१ पासून चालू, पण महिला महाराष्ट्र केसरी पहिल्यांदा झाली ती मार्च २०२३ मध्ये, सांगलीत. सांगलीच्या प्रतीक्षा बागडीनं अंतिम कुस्ती जिंकली. तिच्यासमोर होती कल्याणची वैष्णवी पाटील. कर्जतच्या पोरींसाठी कल्याण म्हणजे रोजच्या लोकलचं स्टेशन. सांगलीची पोरगी जिंकली असं ऐकणं वेगळं आणि आपल्याच गाडीच्या वाटेवरची पोरगी अंतिम फेरीत गेली हे ऐकणं वेगळं. या भागातल्या कॉलेजांत मुलींचे कबड्डी संघ आधीपासून आहेत. त्या मुली पकडीला घाबरत नाहीत, अंगावर पडलेलं वजन ओळखतात, पायात शिरायचं त्यांना शिकवावं लागत नाही. यातल्या दहा जणींना आठवड्यातून तीन दिवस मॅट मिळाली तर दोन वर्षांत विद्यापीठाच्या स्पर्धेत कर्जत-खालापूरची नावं दिसतील.

म्हणून मागणी मोठी नाही. बारा मीटर लांब, बारा मीटर रुंद मॅट मावेल असा एक पक्का हॉल. एकट्या कॉलेजला जड जात असेल तर दोन-तीन कॉलेजांनी आणि गावातल्या संकुलानं मिळून. एका वस्तादाला मानधन. मुलींसाठी कपडे बदलायला कुलूप लागणारी खोली आणि जमेल तिथे बाई प्रशिक्षक. स्पर्धेला गेलेल्या पोराची गैरहजेरी पंचाहत्तर टक्के हजेरीच्या नियमात धरली जाणार नाही, अशी विभागप्रमुखांची आधीच घेतलेली लेखी मान्यता. नव्या शैक्षणिक धोरणात सहअभ्यासक्रमाला क्रेडिट आहेत आणि त्यांत खेळ बसतो. कुस्तीचा सराव त्यात धरला की सकाळचे दोन तास अभ्यासाचा भाग होतात आणि घरच्यांपुढे पोराला तोंड लपवावं लागत नाही.

आणि जूनमध्ये प्रवेश सुरू होतात तेव्हा जिमखान्याच्या टेबलाशी कोणीतरी बसलेलं असावं. किरकोळ अंगाचा, मोडलेल्या कानाचा एखादा पोरगा किंवा जत्रेत भावाबरोबर माती उकरलेली एखादी पोरगी येऊन विचारेल, ‘सर, कुस्तीचं नाव इथेच द्यायचं का?’ त्यांचं नाव लिहून घ्यावं, वजन विचारावं आणि सरावाची वेळ सांगावी.