बेरिलियम
बेरिलियम हे अणुक्रमांक ४ असलेले, करड्या रंगाचे, कठीण पण ठिसूळ असे धातुरूप मूलद्रव्य आहे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व्होकलँ यांनी १७९८ मध्ये बेरिल या खनिजात त्याचे अस्तित्व ओळखले. हा धातू ॲल्युमिनियमपेक्षाही हलका असून त्याचा वितळबिंदू सुमारे १,२८७° से. आहे. क्ष-किरण त्यातून सहज आरपार जात असल्याने क्ष-किरण नलिकांच्या खिडक्यांसाठी त्याचा पातळ पत्रा वापरतात. अतिशीत तापमानात त्याचा आकार जवळजवळ स्थिर राहतो. म्हणून जेम्स वेब अवकाश दुर्बिणीच्या मुख्य आरशाचे १८ भाग बेरिलियमचे आहेत. मात्र त्याची धूळ श्वासावाटे शरीरात गेल्यास फुप्फुसांचा असाध्य विकार जडू शकतो आणि त्याची लक्षणे अनेक वर्षांनीही प्रकट होतात. त्यामुळे या धातूचे कातकाम बंदिस्त जागेत, धूळ शोषून घेणाऱ्या यंत्रणेसह करावे लागते.