साडेतीनशे मैलांची रोल्स-रॉईस

धाराशिवहून तुळजापूर, नळदुर्ग, उमरगा करत हैदराबाद गाठायचं तर रस्ता साधारण तीनशे किलोमीटरचा. जाऊन परत यायचं म्हणजे सहाशे. ज्या निजामाच्या नावावरून या गावाला उस्मानाबाद म्हणू लागले, त्या मीर उस्मान अली खानांच्या दिमतीला १९१२ सालची एक पिवळी रोल्स-रॉईस होती. १९४७ उजाडेपर्यंत ती चालली अवघी ३५६ मैल, म्हणजे ५७३ किलोमीटर. पस्तीस वर्षांच्या या चालीत धाराशिवची एक फेरीसुद्धा पुरी झाली नसती.

गाडी मागवली होती सहाव्या निजामांनी, महबूब अली खानांनी. ऑगस्ट १९११ मध्ये ते वारले आणि गाडी तयार झाली तोवर गादीवर त्यांचा मुलगा होता. घुमटाकार छत, आणि आत निजामांसाठी सिंहासनासारखी उंच बैठक. म्हणून तिला आजही सिंहासन-गाडी म्हणतात. रोल्स-रॉईस त्या काळी फक्त सांगाडा आणि इंजिन बनवी. वरचा डौल गिऱ्हाइकानं वेगळ्या कारागिरांकडून करून घ्यायचा. इथं तो लंडनच्या बार्कर कंपनीनं केला. १७१० पासून घोड्यांच्या बग्ग्या बांधणारी ही मंडळी. गाडीकडे नीट पाहिलं की ती घोडे सोडलेल्या बग्गीसारखीच दिसते.

धाराशिव जिल्ह्याचा बराच मुलूख तेव्हा ‘सर्फ-ए-खास’ होता. तिथला महसूल संस्थानच्या तिजोरीत न जाता थेट निजामाच्या खासगीत जमा होई. तेव्हा त्या पिवळ्या चकाकीत इकडच्या ज्वारीचाही वाटा होता असं म्हणायला हरकत नाही. फेब्रुवारी १९३७ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकानं याच निजामाला जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून मुखपृष्ठावर छापलं होतं.

आता हे वाहन मुळात इतकं बसून राहणाऱ्या जातीचं नव्हतं. निजामाची गाडी ‘सिल्व्हर घोस्ट’ या मॉडेलची. हे नाव पडलं १९०७ मधल्या एका चंदेरी गाडीवरून. त्या वर्षी तिला देखरेखीखाली १५,००० मैल पळवण्यात आलं आणि त्यांतले १४,३७१ मैल तिनं बिघाडामुळे एकदाही न थांबता कापले. मोटार म्हणजे निम्मा वेळ रस्त्याच्या कडेला उभी राहणारी वस्तू, अशी समजूत असण्याचा तो काळ. सहा सिलिंडर, सात बेअरिंगांवर फिरणारा क्रँक आणि त्यात दाबानं पोचणारं तेल, यामुळे इंजिन थरथरायचं नाही. ब्रेक मात्र फक्त मागच्या चाकांना.

अशीच एक सिल्व्हर घोस्ट १९०८ मध्ये मुंबईला आली. ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ तिचं नाव. मुंबई ते कोल्हापूर आणि परत अशी ६२० मैलांची चाचणी शर्यत झाली, वाटेत सहा घाट. ती या गाडीनं जिंकली. पुढे ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी गाडी विकत घेतली. पुढची चाकं नुसती फिरणारी, मागच्या ब्रेकवर सगळा भरवसा, आणि समोर सह्याद्रीचा उतार: त्या चालकाच्या हातापायांची कल्पना केलेली बरी! हिंदुस्थानातल्या राजेरजवाड्यांना रोल्स-रॉईसची चटक लागली त्यात जाहिरातींपेक्षा आपल्या घाटांचा वाटा मोठा असावा.

हैदराबादच्या गाडीला असा घाट कधी भेटला नाही. ती उभीच राहिली, आणि तिच्यामागचं राज्य मात्र गेलं. १३ सप्टेंबर १९४८ रोजी सोलापूरकडून निघालेल्या भारतीय फौजेनं नळदुर्गजवळचा बोरी नदीवरचा पूल ताब्यात घेतला आणि पाच दिवसांत निजामी संपली. पुढच्या वर्षी सर्फ-ए-खासही सरकारजमा झालं.

उभी गाडी फार वेगळ्या तऱ्हेनं मरते. चालणाऱ्या गाडीचे गिअर झिजतात, बेअरिंग खाल्लं जातं. उभ्या गाडीत पेट्रोलचा डिंक होऊन कार्ब्युरेटर बुजतो, पिस्टन सिलिंडरला गंजून चिकटतात, रबर तडकतं, पत्र्याखालच्या लाकडी चौकटीला कीड लागते, गादीचं कापड बोट लावताच सुटतं. म्हणजे ३५६ मैल चाललेल्या गाडीचं पोलाद जवळपास कोरं, आणि बाकी सगळं शंभर वर्षांचं.

सिल्व्हर घोस्ट खोलणंही सोपं काम नाही. तिचे सिलिंडर तीन-तीनच्या दोन ठोकळ्यांत ओतलेले असतात आणि हेड त्यांतच एकजीव असतं, त्यामुळे नेहमीच्या गाडीसारखं वरून हेड उचलून आत डोकावता येत नाही. अख्खा ठोकळाच उतरवावा लागतो. बेअरिंगांत पांढरा धातू नव्यानं ओतून हातानं खरवडून बसवावा लागतो. सुटे भाग कुठल्या दुकानात मिळणार? टर्नरनं लेथवर करायचे. सुतार, पत्रेवाला, गादीवाला असे सगळे जमले की खरा वाद सुरू होतो: जुना रंग, जुनं कापड राखायचं की गाडी नवीहून नवी करायची? आरशासारखी चकचकीत झालेली जुनी गाडी पाहून लोक टाळ्या वाजवतात, पण तिच्यातला मूळ कारागीर बहुतेक वेळा पॉलिशखाली गाडला गेलेला असतो.

निजामाची गाडी दुरुस्त होऊन आज हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात पाहायला मिळते. निजाम घराण्यातल्या प्रिन्सेस एस्रा यांच्या पुढाकारानं या राजवाड्याचाही जीर्णोद्धार झाला, २००५ मध्ये तो लोकांसाठी खुला झाला आणि २०१० मध्ये त्याला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला.

अशा गाड्यांना २०२१ पासून कायद्यात वेगळी ओळख आहे. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली गाडी असेल तर तिला ‘व्हीए’ अक्षरांचा नोंदणी क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठी ती रस्त्यावर आणता येते. रोज कचेरीला न्यायची मुभा नाही.

कोल्हापूरकरांना हा नियम नवा वाटणार नाही. छत्रपती घराण्याची मेबॅक मोटार वर्षातून एकदा, शाही दसऱ्याला, दसरा चौकात येते आणि तिच्याभोवती गर्दी लोटते. अंतर थोडंच असतं. पण तेवढ्यासाठीही बॅटरी, तेल, टायर बघावेच लागतात.