पडद्यावरची सूज : औषधाइतकेच वेळेचे मोल

व्यापारी माणसाचा सारा व्यवहार डोळ्यांवर चालतो. मालाची प्रत पारखणे, काट्यावरचे वजन वाचणे, खतावणीतील आकडे ताडून पाहणे, ही सर्व कामे डोळ्याच्या आतील पडद्याच्या मध्यभागी असलेल्या अवघ्या काही मिलिमीटरच्या एका भागावर अवलंबून असतात. या पडद्याला दृष्टिपटल आणि त्याच्या मध्यभागाला मॅक्युला किंवा पीतबिंदू म्हणतात. मधुमेहामुळे या भागाला सूज येते तेव्हा रुग्ण घरी येऊन सांगतो, ‘डॉक्टर म्हणाले, पडद्यात पाणी झालंय.’ या ‘पाण्या’वर गेल्या चार दशकांत जगभर जे संशोधन झाले, ते प्रत्येक कुटुंबाने समजून घ्यावे असे आहे.

मधुमेह आता कोणाच्याही घराला परका राहिलेला नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. चाळिशीपुढील मधुमेहींची दुसरी एक पाहणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत साधारण आठांतील एकाच्या पडद्यावर मधुमेहाचा परिणाम दिसला आणि शंभरांतील चौघांची दृष्टीच धोक्यात असल्याचे आढळले. आपल्या राज्यातही असे काम झाले आहे. नागपूर परिसरातील खेड्यांत २००६ ते २००८ या काळात तिशीपुढील ४,७११ जणांचे डोळे तपासले गेले. त्या ग्रामीण लोकसंख्येत हा विकार फारच कमी आढळला. पण दिवसभर गादीवर बसून व्यवसाय करणाऱ्यांनी त्यावर निर्धास्त राहू नये. त्यांचे जीवनमान त्या शेतकऱ्यांसारखे नाही.

सूज येते कशी?

रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की पडद्यातील केसाहून बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती दुबळ्या होतात. त्यांतून द्रव व स्निग्धांश पाझरू लागतात. काही वाहिन्या बंद पडल्याने पडद्याला प्राणवायू कमी मिळतो आणि डोळ्यात ‘व्हीईजीएफ’ नावाचे प्रथिन वाढते. त्यामुळे वाहिन्या अधिकच पाझरतात. सुरुवातीला काहीही जाणवत नाही. पुढे अक्षरे धूसर होतात, सरळ रेघा वाकड्या दिसतात, चष्म्याचा नंबर बदलूनही उपयोग होत नाही. ओसीटी या वेदनारहित तपासणीत ही सूज काही मिनिटांत मोजता येते.

लेसरपासून इंजेक्शनपर्यंत

अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष १९८५ मध्ये प्रसिद्ध झाले. पाझरणाऱ्या जागी लेसरचे सूक्ष्म डाग दिले, तर तीन वर्षांत दृष्टी लक्षणीय घटण्याचा धोका जवळजवळ निम्म्यावर येतो, हे तीत सिद्ध झाले. पुढची पंचवीस वर्षे हाच मुख्य उपचार राहिला. मात्र लेसर बहुधा उरलेली दृष्टी राखत असे. गेलेली दृष्टी त्याने क्वचितच परत येई.

मधुमेहींच्या डोळ्यातील द्रवात व्हीईजीएफ मोठ्या प्रमाणात सापडते, हे १९९४ मध्ये दाखवले गेले. मग या प्रथिनालाच रोखणारी औषधे डोळ्यात टोचण्याचा मार्ग खुला झाला. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ६९१ रुग्णांच्या ८५४ डोळ्यांवर रॅनिबिझुमॅब हे औषध आणि लेसर यांची तुलना झाली. कोणत्या डोळ्याला कोणता उपचार, हे चिठ्ठी टाकावी तसे ठरवले होते, म्हणजे कोणाच्या आवडीनिवडीचा प्रभाव पडू नये. वर्षाअखेरीस केवळ लेसर घेतलेल्यांपैकी २८ टक्के डोळ्यांना तक्त्यावरची दहा किंवा अधिक अक्षरे जास्त वाचता आली. इंजेक्शन घेतलेल्यांत हे प्रमाण जवळजवळ ५० टक्के होते. गेलेली दृष्टी काही अंशी परत येते, हे प्रथमच एवढ्या ठामपणे सांगता आले.

याच चाचणीतला आणखी एक हिशेब व्यापारी कुटुंबांना विशेष भावेल. पहिल्या वर्षी साधारण आठ-नऊ इंजेक्शने लागली, दुसऱ्या वर्षी दोन-तीन, तिसऱ्या वर्षी एक-दोन. चौथ्या व पाचव्या वर्षी निम्म्याहून अधिक डोळ्यांना एकही लागले नाही. म्हणजे या उपचाराचे भांडवल पहिल्याच वर्षी घालावे लागते. आपल्याकडे नेमके उलटे घडते. दोन इंजेक्शनांनंतर थोडे स्पष्ट दिसू लागले की ‘आता बरं आहे’ म्हणून, आणि फरक जाणवला नाही की ‘खर्च वाया गेला’ म्हणून, तिसरी तारीख चुकते. दिवाळीचा हंगाम, लग्नसराई, हळदीची आवक अशी कारणे असतातच. अर्ध्यावर सोडलेल्या उपचारात घातलेला पैसाही जातो आणि दृष्टीही.

महाग तेच उत्तम का?

हा प्रश्नही चाचणीनेच सोडवला. २०१५ मध्ये ६६० रुग्णांवर अफ्लिबरसेप्ट, रॅनिबिझुमॅब आणि बेव्हॅसिझुमॅब यांची थेट तुलना प्रसिद्ध झाली. बेव्हॅसिझुमॅब हे मुळात कर्करोगाचे औषध. मोठ्या कुपीतून डोळ्यासाठी लहान मात्रा काढल्याने ते अत्यंत स्वस्त पडते. ज्यांची दृष्टी थोडीच घटली होती, त्यांना तिन्ही औषधांचा सारखाच लाभ झाला. ज्यांची दृष्टी आधीच बरीच घटली होती, त्यांना पहिल्या वर्षी अफ्लिबरसेप्ट सरस ठरले. याचा अर्थ उघड आहे : लवकर येणाऱ्याला स्वस्त औषधही पुरते, उशिरा येणाऱ्याला महाग औषध लागण्याचा संभव अधिक.

२०२२ मध्ये ३१२ डोळ्यांवर आणखी एक पद्धत तपासली गेली. आधी बेव्हॅसिझुमॅब द्यावे आणि पुरेसा गुण न आल्यास अफ्लिबरसेप्टकडे वळावे, अशी ती पद्धत. दोन वर्षांनंतर दृष्टीत लक्षणीय फरक दिसला नाही; मात्र ७० टक्के डोळ्यांना पुढे औषध बदलावे लागले. तेव्हा डॉक्टरांनी स्वस्त औषधाने सुरुवात केली तर त्यात काही कमीपणा नाही, आणि नंतर औषध बदलले तर त्यात फसवणूकही नाही. भारतात २०१५ पासून रॅनिबिझुमॅबचे देशी जैवसमरूपही मिळते. ज्यांच्या डोळ्यात सूज आहे पण दृष्टी उत्तम आहे, त्यांच्याबाबत २०१९ च्या चाचणीने आश्वस्त केले : बारकाईने लक्ष ठेवून गरज पडताच इंजेक्शन दिले तरी दोन वर्षांत दृष्टी तितकीच टिकते. मात्र ‘लक्ष ठेवणे’ म्हणजे ठरल्या तारखेला तपासणी, विसरून जाणे नव्हे.

मनातले काही प्रश्न

डोळ्यात सुई या कल्पनेनेच अनेकांना धास्ती वाटते. भूल देणारे थेंब घातल्यावर प्रत्यक्ष टोचणे काही क्षणांचे असते. जंतुसंसर्ग हा गंभीर धोका आहे, पण तो विरळा आहे. नंतर डोळा दुखू लागला, लाल झाला किंवा दृष्टी घटली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. अलीकडे हृदयविकाराचा किंवा पक्षाघाताचा झटका येऊन गेला असेल, तर तेही आधीच सांगावे.

आपल्या समाजातील ज्येष्ठ एक वेगळा प्रश्न विचारतात : हे औषध बनते कशापासून? रॅनिबिझुमॅब जिवाणूंमध्ये तयार केले जाते. उरलेल्या दोहोंसाठी १९५७ मध्ये हॅम्स्टर या प्राण्यापासून घेतलेल्या आणि तेव्हापासून प्रयोगशाळेत वाढत आलेल्या पेशी वापरतात. प्रत्येक मात्रेसाठी नव्या प्राण्याची गरज नसते. मात्र अशी औषधे माणसाला देण्यापूर्वी प्राण्यांवर तपासली जातात, हेही खरे. निर्णय ज्याने त्याने करावा. तो माहितीवर आधारलेला असावा.

सांगलीची हळद जगभर जाते, म्हणून ‘हळदीने सूज उतरेल का?’ असेही विचारले जाते. हळदीतील कर्क्युमिनवर प्रयोगशाळांत पुष्कळ अभ्यास झाला आहे. पण पडद्याच्या सुजेवर ते इंजेक्शनची जागा घेऊ शकते, असे मोठ्या मानवी चाचणीत सिद्ध झालेले नाही. याउलट रक्तदाबावर काटेकोर नियंत्रण ठेवल्यास पडद्याचा विकार बळावण्याचा धोका सुमारे एक तृतीयांशाने घटतो, हे ब्रिटनमधील मधुमेहींच्या दीर्घ अभ्यासाने १९९८ मध्ये दाखवले आहे. पर्वकाळात उपवास करणाऱ्या किंवा सूर्यास्तापूर्वी भोजन घेणाऱ्या मधुमेहींनी गोळ्या व इन्शुलिनच्या वेळा डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्याव्यात.

एखाद्या रुग्णालयाने नव्या औषधाच्या चाचणीत सहभागी होण्याविषयी विचारले, तर घाबरूनही जाऊ नये आणि भुलूनही जाऊ नये. भारतात २००९ पासून अशा चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवहीत नोंद बंधनकारक आहे. २०१९ च्या नियमांनुसार लेखी संमती आवश्यक असून चाचणीमुळे इजा झाल्यास उपचार व भरपाईची तरतूद आहे. नोंदणी क्रमांक विचारावा, संमतिपत्र घरी आणून वाचावे.

कुपवाड १९९८ मध्ये सांगली-मिरजेबरोबर एका महापालिकेत आले. १८९४ पासून वॉनलेस रुग्णालयामुळे वैद्यकीय नगरी म्हणून वाढत गेलेले मिरज येथून काही किलोमीटरवर आहे. आपल्याकडे अंतराची सबब नाही. पाडव्याला नवी वही घालताना घरातील प्रत्येक मधुमेही व्यक्तीच्या नावापुढे पडदा-तपासणीची तारीख लिहावी आणि ती वर्षातून किमान एकदा पाळावी. देण्याघेण्याची तारीख आपण चुकवत नाही. ही तारीखही तितक्याच निष्ठेने पाळली, तर पुढची अनेक वर्षे वही स्वतःच्या डोळ्यांनी वाचता येईल.